नांदूरघाटची रुक्मिणी

मोहनराव कापसाच्या गाड्या घेऊन बार्शीला गेले, की येताना घरातल्या प्रत्येकासाठी काहीतरी घेऊन यायचे. आईला तपकिरीची पुडी, पोरींना बत्तासे, बायकोला कधी बांगड्या, कधी खण. पण त्या वर्षी ते नांदूरघाटला परतले तेव्हा गाडीत धोतरात गुंडाळलेलं एक चौकोनी बोचकं होतं, आणि त्याला त्यांनी गड्याला हातही लावू दिला नाही. स्वतः पोटाशी धरून खाली उतरवलं. छबुबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिला वाटलं, आरसा असणार. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि घरात मोठा आरसा हवा असं ती एकदाच, पहिल्या वर्षी, बोलून गेली होती. इतक्या वर्षांनी का होईना यांना आठवलं, म्हणून ती मनातून फुलली.

गाठ सुटली आणि आतून बाई निघाली.

काचेच्या चौकटीत बसवलेली रंगीत छापील तसबीर होती ती. जांभळा शालू, हिरवी चोळी, नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ. एका हातात कमळाचं पान, दुसऱ्या हातात लेखणी. डावा पाय किंचित पुढे टाकलेला, मान वळलेली, आणि पदर असा घेतलेला, की आत्ता डोक्यावरून घसरेल असं वाटावं आणि घसरू मात्र नये.

"रुक्मिणी हाय," मोहनराव म्हणाले. "किस्नाला पत्र लिहायली."

सासूने, सुभद्राबाईंनी, लगेच हात जोडले. ओसरीच्या भिंतीला खिळा ठोकला गेला, तसबीर लागली, आणि सासूने काचेवर हळदीकुंकवाची बोटं उमटवली. देवच घरात आला म्हटल्यावर छबुबाईनेही पदर सावरून नमस्कार केला. दोन-चार दिवस तिला काही वाटलं नाही.

मग तिच्या ध्यानात आलं, की आपला नवरा जेवताना ताटाकडे बघतच नाही. त्यांचा पाट आधी ती दाराकडे तोंड करून मांडायची. आता त्यांनी तो स्वतःच फिरवून घेतला होता. घास हातात, आणि नजर भिंतीवर. एक दिवस तिने मुद्दाम वरणात मीठ घातलं नाही. मोहनरावांनी सगळं वरण खाल्लं, वर मागून घेतलं, हात धुतला आणि सुपारी कातरत पुन्हा तसबिरीसमोर बसले. मग छबुबाईने चुलीपुढे बसून तेच अळणी वरण खाल्लं.

"देवाकडं एवढं कुणी बघतं का?" तिने शेजारच्या विमलबाईला विचारलं.

"भक्ती आसंल," विमलबाई म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली.

गावातल्या बायकाही तसबीर बघायला येऊ लागल्या. पाटलाच्या सुनेने तसा पदर घ्यायला सुरुवात केली, मग तेलिणीने, मग आणखी दोघी-तिघींनी. छबुबाईला वाटलं, आपल्याच घरातली गोष्ट आणि आपणच मागे राहिलो. एका दुपारी दार लावून, ठेवणीतलं लुगडं नेसून तिने तसा पदर घेऊन बघितला. डावा पाय पुढे टाकला, मान वळवली. पाण्याच्या घंगाळात वाकून बघितलं तेव्हा पदर पाण्यात पडला. तरी तिने नेट धरला. संध्याकाळी नवरा आला तेव्हा ती तशीच मान वळवून उंबऱ्यात उभी राहिली.

मोहनरावांनी तिच्याकडे बघितलं. "कावून गं? मान आवघडली का तुजी?"

ती आत गेली आणि भाकरी इतक्या जोरात थापू लागली, की सासूने ओसरीवरून विचारलं, परात फुटली का.

त्यानंतर पंधरा दिवसांनी विमलबाईचा भाऊ तात्याबा पाहुणा म्हणून आला. तो बीडला मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, चार वर्षं शिकलेला, मराठी-उर्दू दोन्ही वाचणारा. बहिणीबरोबर तसबीर बघायला आला आणि खालची बारीक अक्षरं त्याने मोठ्याने वाचली. "मास्टर राधाकिशन, रुक्मिणीच्या वेषात."

"मास्टर म्हंजी?" छबुबाईने विचारलं.

"म्हंजी नाटकातला गडी, वैनी. बाप्या माणूस हाय ह्यो. सोंग घेतलंय बाईचं."

विमलबाईला हसू आवरेना. ओसरीवर जमलेल्या चौघीही हसायला लागल्या. छबुबाईही हसली, कारण तेवढ्या जणींत तिला दुसरं काही करता येईना. तिला वाटलं होतं, आता छातीवरचा दगड उतरेल. बाई नाहीच म्हटल्यावर भांडण कसलं? पण त्या दिवसापासून ती जास्तच जळू लागली. बाई असती तर कुठेतरी तिला पोरं झाली असती, तिचे केस गळले असते, कुणीतरी तिचा दोष काढला असता. हा तर पुरुष. ज्याला बाईपण जन्माने मिळालं नाही, त्याने ते असं उभं केलं होतं, की तिचा नवरा ताटातलं मीठ विसरला. आणि ती स्वतः, बाईच्या जातीला येऊन, दोन लेकरं पोटातून काढून, त्याच्या पासंगाला पुरत नव्हती! शिवाय मोहनरावांना वाचता येत होतं. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तरी ते बघत होते. याचा राग कुणावर काढायचा हेच तिला कळेना.

एकदा घरी कुणी नसताना तिने तसबीर खिळ्यावरून काढली. अंगणातल्या दगडी उखळावर आपटायची, मांजराने पाडली म्हणायचं, असं तिने ठरवलं होतं. दोन्ही हातांनी वर उचलली आणि तेवढ्यात सुभद्राबाई परसातून आल्या.

"छबू! देवाला आसं उनात कुठं नेतीस?"

"पुसायली, आत्याबाई," ती म्हणाली. "धूळ बसलीया."

मग तिला खरोखरच पदराने काच पुसावी लागली. सासू समोर उभी राहून कोपरे दाखवत राहिली आणि पुसून झाल्यावर नवं कुंकू लावून गेली.

पौषात केजला नाटक कंपनीचा मुक्काम पडला. बाजाराच्या मोकळ्या जागेत कनात लागली, तहसिलातून परवानगी आली, आणि गावोगाव दवंडी गेली की राधाकिशन स्वतः रुक्मिणीचं काम करणार. मोहनराव केजला गेले ते तीन खेळ बघूनच परत आले. येताना एक बातमी घेऊन आले.

"मंगळवारी आपल्याकडं जेवायला येणार हाय."

"कोण?" तिने विचारलं. तिला ठाऊक होतं कोण.

"राधाकिशन. मी सवता गाडी घिऊन आणाया जाणार. पुरण घाल. आन तुपाचा हात आखडू नगंस."

तिने पुरण घातलं. सोमवारी सगळं घर सारवलं, कारण सासू मागे उभी होती. पण पुरण वाटताना तिच्या मनात एकच होतं. येऊ दे. डोळ्यांनी बघते तरी, असं काय आहे त्याच्यात.

मंगळवारी दुपारी गाडी दारात आली. निम्मं गाव आधीच अंगणात जमलं होतं. आधी मोहनराव उतरले. छबुबाई दाराच्या फटीतून बघत होती, आणि सगळ्यांत आधी तिला दिसला तो नवऱ्याचा चेहरा. वाटेत काहीतरी हरवून आल्यासारखा. त्यांच्या मागून एक हडकुळा माणूस धोतर सावरत उतरला. चाळिशीला टेकलेला. गालांवर देवीचे वण, हनुवटीवर दोन दिवसांची खुंटं, पान खाऊन काळपट झालेले दात. लांब केस तेवढे मानेवर गाठ मारून बांधले होते. कनातीत दिव्यांच्या झोतात, लांबून, रंग फासलेला असताना जे दिसलं नव्हतं, ते सकाळपासून गाडीत मांडीला मांडी लावून मोहनरावांनी बघितलं होतं.

"राम राम, मंडळी," तो म्हणाला. घसा बसलेला होता.

लोकांनी त्याला तसबिरीखाली बसवलं. वर बघायचे, खाली बघायचे. गावातला सटवा, ज्याला कुठे काय बोलावं हे कधीच कळलं नाही, मोठ्याने म्हणाला, "बे, ही वरची लेक दिसती आन ही खालची तिची मावशी!"

अंगण हसलं. राधाकिशनही हसला, सवयीचं. मोहनराव मात्र हसले नाहीत. ते जेवायला बसले ते मान खाली घालून, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा त्यांनी ताटाकडे बघून जेवण केलं. ते बघून छबुबाईला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पोळीवर तूप वाढताना पाहुण्याचा हात तिला दिसला. ताटाच्या कडेवर टेकलेला, बोटं जरा उचललेली, मनगट सैल. तसबिरीतलाच हात. तेवढाच शिल्लक राहिला होता. तुपाची धार तिने तिथेच तोडली.

जेवणं झाली आणि चावडीवरून सांगावा आला, की महसुलाचे गिरदावर साहेब तपासणीला आले आहेत, मोहनरावांना बोलावलं आहे. ते उठून गेले, त्यांच्या मागून अंगणही रिकामं झालं. सासूला जेवणानंतर डुलकी लागली होती. राधाकिशन खांबाला टेकून सुपारी चघळत होता. छबुबाई सुपारीचं तबक उचलायला म्हणून आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"एक इचारू का?"

"इचारा की, वैनी."

"त्यो पदर आसा घ्यायला कुनी शिकवला तुमाला?"

तो जरा चपापला. आजवर त्याला लोकांनी गाण्याबद्दल विचारलं होतं, नथ खरी की खोटी ते विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"माझ्या घरातनीनं," तो म्हणाला. "शिकवला म्हंजी, मीच बघितला. ती विहिरीवरनं यायची तवा."

"तुमचं लगीन झालंय?"

"इस वर्सं झाली. गेवराईकडं गाव हाय आमचं, गोदागंगेच्या काठाला. घरी मला आश्रुबा म्हनत्यात. जाहिरातीवर आश्रुबा बरं दिसत न्हाई म्हनून मालकानं राधाकिशन केलं."

"तिनं बघितलीया का ही तसबीर?"

"न्हाई. तिनं नाटक बी बघितलं न्हाई कवा. आमच्यात बाया जात न्हाईत." त्याने वर मान करून तसबिरीकडे बघितलं. "ही छापली त्याला दहा वर्सं झाली. मला एक बी मिळाली न्हाई. आन खरं सांगू का वैनी? मला हिचा लई राग येतो. जिथं जावं तिथं ही माझ्या आधी यिऊन बसलेली. न्हाव्याच्या दुकानात ही, सावकाराच्या माडीवर ही. लोकं मला आवतान देत्यात ते हिच्यापायी. मी गाडीतनं उतरलो, की त्यांची तोंडं पडत्यात. तुमच्या मालकांचं बी पडलं. सकाळधरनं माझ्यासंगं चार शब्द बोलले न्हाईत."

आपल्याइतकंच जळणारं दुसरं कुणी या घरात येऊन बसेल, आणि ते नेमकं हेच माणूस असेल, असं छबुबाईला कधी वाटलं नव्हतं. तिने तबक खाली ठेवलं, पाट भिंतीजवळ ओढला, त्यावर चढली आणि तसबीर काढून त्याच्यापुढे ठेवली.

"घरी न्या. तिला दाखवा."

"आन मालक?"

"मालकाचं मी बघते."

तेवढ्यात सुभद्राबाई जाग्या झाल्या. "रुक्मिणीला कुठं काढली गं?"

छबुबाईच्या तोंडून निघून गेलं, "सासरी चालली, आत्याबाई."

म्हातारीने एकदा पाहुण्याकडे बघितलं, एकदा तसबिरीकडे. तिला काय समजलं कोण जाणे. ती उठली, आतून सुपात गहू घेऊन आली, त्यात खण आणि सुपारी ठेवली. "रित्या वटीनं घरची बाई जात नसती," ती म्हणाली. तिने तसबिरीपुढे गव्हाच्या पाच ओंजळी घातल्या, कुंकू लावलं. राधाकिशनने आपलं उपरणं पसरून ते गहू घेतले. घेताना त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्याने मान वळवली. तशीच वळवली. छबुबाईने ते बघितलं आणि तिला वाटलं, जा बाबा, लवकर जा एकदाचा.

गड्याने त्याला गाडीतून केजला पोहोचवलं. दिवे लागायच्या सुमाराला मोहनराव चावडीवरून आले. भिंतीवर नुसता खिळा होता.

"कुणाला इचारून दिली?"

"ज्याची व्हती त्याला दिली."

"मी बार्शीहून आणली व्हती ती."

"आन मी अकरा वर्सांपास्नं हितंच हाय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "मला कुनी कवा खिळा ठोकून बसवलं न्हाई, म्हनून दिसत न्हाई मी."

मोहनराव रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. पुढचे सहा दिवस ते कामापुरतं बोलले. सातव्या दिवशी ज्वारीच्या राखणीला ती भाकरी घेऊन गेली, तेव्हा ते बांधावर बसून म्हणाले, "गाडीत त्याला बघितलं आन माझं मन उडालं. तसबीर ऱ्हायली आसती तरी आता मला ती तशी दिसली नसती. दिलीस ते बरं झालं."

छबुबाईने भाकरीचं फडकं सोडलं. हे ऐकायला ती वर्षभर झुरली होती. पण ऐकलं तेव्हा तिला एवढंच कळलं, की ती जिंकलेली नाही. समोरचं माणूसच मैदान सोडून गेलं आहे. आणि रात्री अंथरुणावर एक नवाच किडा तिच्या डोक्यात वळवळू लागला. तो पदर विहिरीवरून येणाऱ्या एका बाईचा होता. कागदाची नाही, सोंगाची नाही. हाडामांसाची, कुठेतरी गंगेच्या काठाला नांदणारी बाई. खरी ती होती.

चैत्रात छबुबाईच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. तिचं माहेर गेवराईच्या पलीकडे, आश्रुबाच्या गावाहून दोन कोसांवर. लग्न उरकून परतताना तिने गाडी तिकडून वळवायला लावली. तसबिरीतला पदर त्याच्या बायकोचा आहे, तिला बघायचंय, असं तिने सांगितल्यावर मोहनराव कुरकुरले, पण वळवली. ते बैलांना पाणी दाखवायला नदीवर गेले आणि ती विचारत विचारत घरापाशी गेली.

आश्रुबा कंपनीबरोबर परभणीकडे गेला होता. त्याची बायको सत्यभामा कांद्याच्या वाफ्यात वाकली होती. काळीसावळी, रुंद हाडाची, पदर कमरेला करकचून खोचलेला. पाहुणी बघून उठली, हात झटकले, ताक दिलं. छबुबाई तिचा प्रत्येक हात हलताना बघत होती. ताक ओतताना, फडक्याने ओठ पुसताना. कुठेच काही सापडेना.

"तसबीर पोचली का?" तिने शेवटी विचारलं.

"तुमीच दिली व्हय ती? पोचली की. पेटीत ठिवलीया." सत्यभामा हसली. "त्ये म्हनत व्हते भिताडाला लाव. मी म्हनलं, नगं. लोकं यिऊन बघत बसतील आन मला इचारतील ही तुजी कोन."

"त्यो पदर तुमचा हाय म्हनत व्हते. तुमी विहिरीवरनं यायच्या तवाचा."

सत्यभामा मोठ्याने हसली, इतकी, की तिला वाफ्याच्या कडेला बसावं लागलं. "माजा? अवं, डोक्यावर दोन घागरी घिऊन कोन आसा पदर घेतंय? मी तसबीर बघितली तवा मलाच वाटलं, ही कोन सटवी घातलीया यांनी मनात? दोन दीस बोलले न्हाई मी." मग ती कांद्याची पात तोडत म्हणाली, "त्येंनी सवताच काढलाय त्यो पदर. समद्यास्नी सांगत्यात बायकोचा म्हनून. मला बरं वाटावं म्हनून सांगत आसत्याल."

निघताना सत्यभामाने तिला कुंकू लावलं आणि कांद्याची जुडी बांधून दिली.

गाडी रस्त्याला लागली. बराच वेळ मोहनराव बैलांशीच बोलत होते. मग मागे न बघता त्यांनी विचारलं, "भेटली का त्याची बायकू?"

"भेटली."

"कशी हाय?" आवाज अगदी सहज होता. पण कासरा त्यांनी आखडून धरला होता आणि बैल मुकाट्याने हळू झाले होते.

खरं सांगायला छबुबाईने तोंड उघडलं होतं. पण नवऱ्याच्या पाठीचा तो ताठरपणा तिला दिसला. एका बाईला त्यांनी बघितलंही नव्हतं, आणि तिच्यासाठी बैलसुद्धा थांबायला आले होते.

"माझ्यासारखीच हाय," ती म्हणाली. "मला बघून घरचीच मानसं फसली. भैन म्हनाली एकजन."

मोहनराव वळले. कासरा हातातच राहिला. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, पदराकडे बघितलं, पुन्हा तोंडाकडे बघितलं. सावकाश, कधी न बघितल्यासारखं. ते कुणाला शोधत आहेत हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा रागही तिला आला. तरी ती हलली नाही. मांडीवर झोपलेल्या पोरीचं डोकं सावरून घेत ती समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली आणि तिने त्यांना बघू दिलं.

चाक एका खड्ड्यात गेलं, गाडी जोरात हिंदकळली आणि पोरगी रडत उठली. मोहनराव पुढे वळून बैलांवर ओरडले. गेवराई यायला अजून कोसभर होतं.